गांडुळांची बादली: येळवशीपासून पाडव्यापर्यंत

१५ डिसेंबर २०२४, रविवार

थोरलीला शाळेतून प्रोजेक्ट आलाय, ओला कचरा सुका कचरा. आमच्या लातुरात प्रोजेक्ट म्हणजे काय ते सगळ्यांना माहितंय, स्टेशनरीच्या दुकानात जायचं, तयार मॉडेल घ्यायचं, त्यावर नाव चिकटवायचं, झालं. यावेळी ती म्हणली मला खरंच करायचंय, व्हिडिओत बघितलंय, गांडुळं कचरा खातात. मी म्हणलं बरं. म्हणताना मला वाटलं होतं दोन दिवसात विसरेल.

विसरली नाही. उलट धाकट्याला आणि पलीकडच्या बबल्यालाबी सामील करून घेतलं. थोरली चौथीत, बबल्या पाचवीत, धाकटं पहिलीत. तारखा टाकून लिहायचं असं तिच्या बाईंनी सांगितलंय, ती तिच्या वहीत लिहील, माझं हे वेगळं, कारण तिच्या वहीत सगळं छानच असणारे.

सासूबाईंना (आम्ही आत्या म्हणतो) सांगितलं तर त्या म्हणल्या, "शिदोडं? घरात? कामून?" (शिदोडं म्हणजे गांडुळं.)

२२ डिसेंबर, रविवार

बादल्या. दिवाळीत रंग दिला तेव्हाच्या डिस्टेंपरच्या दोन २० लिटरच्या पडून होत्या. एकात एक बसतात. वरच्या बादलीच्या बुडाला भोकं, खालची तशीच ठेवायची, मधे अर्धी वीट, म्हणजे वरचं जास्तीचं पाणी खाली गळतं आणि वरची बादली त्या पाण्यात बसत नाही. एवढंच डिझाइन. बाजारात तीन मजली ट्रे मिळतात, दिसायला भारी आहेत, पण पहिल्याच वेळेला एवढे पैसे घालायची काही गरज नाही असं माझं मत.

बुडाला पंधरा-वीस भोकं, बाजूला वरच्या भागात गोल रांगेत भोकं, झाकणाला भोकं. ह्यांनी खिळा गॅसवर तापवून चिमट्यात धरून पाडली. वास सुटला प्लास्टिकचा, आत्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या. बाजूची भोकं मोहरीच्या दाण्याहून थोडी मोठी, बुडाची त्याहून मोठी, पेन्सिल जाईल न जाईल अशी. लेकरांना खिळ्याला हात लावू दिला नाही, त्यांनी मार्करनं ठिपके मारून दिले, बबल्यानं पट्टीनं अंतर मोजलं आणि धाकट्यानं मधेच एक डोळे-नाक काढून ठेवलं, ते तसंच आहे.

बादल्या आधी दोनदा साबणानं आणि मग साध्या पाण्यानं धुवून उन्हात दिवसभर ठेवल्या. रंगाचा वास राहायला नको.

२६ डिसेंबर

आतलं अंथरूण. मामांच्या शेतातून एक पोतं शेणखत आणलंय. ताजं शेण अजाबात चालत नाही, ते कुजताना तापतं आणि आतली गांडुळं शिजून निघतील, म्हणून पंधरा-वीस दिवस पडून राहिलेलं, हातात घेतलं तर थंड लागलं पाहिजे. अर्धं पोतंच वापरलं, अर्धं गच्चीवर ठेवलं (हे नशीब, पुढे कळेल).

खाली सोयाबीनची गुळी (मळणीनंतर उरलेला भुसा) चार बोटं. आमच्याकडं सोयाबीन म्हणल्यावर गुळीला तोटा नाही. त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या, भिजवून पिळून. पट्ट्या फाडायचं काम लेकरांना इतकं आवडलं की परवाचा न वाचलेला पेपरबी गेला. रंगीत गुळगुळीत कागदाच्या जाहिराती घ्यायच्या नाहीत, साधा पेपरच. वर शेणखत.

ओल किती पाहिजे तर मूठभर हातात घेऊन घट्ट दाबायचं, एखाददुसरा थेंब निघाला पाहिजे, धार नाही. तिघांनी दाबून बघितलं. धाकट्यानं स्वतःच्या शर्टाला हात पुसला.

३० डिसेंबर, सोमवार, येळवस

आज येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, शेतात जाऊन पूजा करायचा दिवस. सकाळी सातलाच मामांच्या शेतात, निम्मं लातूर गावाकडं निघालेलं. ज्वारी हुरड्याला आलीये, कडब्याची कोप (खोपी) केलेली, आत पाच पांडव, लक्ष्मी. भज्जी, बाजरीचे उंडे, धपाटे, खीर आणि केळीभर आंबील. केळी म्हणजे खायचं केळं नव्हे, मातीचं मडकं, हे थोरलीला दरवर्षी सांगावं लागतं. मामांनी ओलगे ओलगे करत शेताला फिरून आंबील शिंपली, लेकरं त्यांच्या मागं पळत होती. धाकट्यानं विचारलं, "मामाआजोबा, आंबील खाली कामून सांडायलाव?" मामा म्हणले, "काळ्या आईला जेवू घालायलो रे." त्यानं हे नीट ऐकून घेतलं.

मामांच्या बांधाला लागून ज्यांचं शेत आहे त्यांचा गांडूळखताचा बेड आहे, वर कडब्याची सावली, बारदान टाकलेलं. त्यांनी बारदान बाजूला केलं आणि मूठ घालून वर काढली तर मुठीत निम्मी गांडुळंच. तांबडी, बारीक, अंगावर फिकट पट्टे. आयसेनिया फेटिडा, हे ह्या जातीचं शास्त्रीय नाव. हे मूळचं आपलं नाही, युरोपातलं, पण गांडूळखताला जगभर हेच वापरतात कारण ते मातीत खोल जात नाही, वरच्या कुजलेल्या पाल्यातच राहतं, बादली म्हणजे त्याला घरच. पैसे विचारले तर म्हणले येळवशीच्या दिवशी कुणी पैसे घेतं का, वर जेवायला बसवलं, म्हणजे आमचं दुसरं जेवण.

पाव किलो दिली, त्यांच्याच खतासकट, जुन्या उशीच्या अभ्र्यात. येताना थोरलीनं मांडीवर धरलं होतं.

रात्री आठला बादलीत सोडली. उजेडात टाकली की आपोआप खाली जातात, त्यांना डोळे नाहीत पण कातडीला उजेड कळतो. दहा मिनिटात सगळी गायब. झाकण लावलं, मोरीशेजारच्या बोळात ठेवली, झोपलो.

३१ डिसेंबर

पहाटे साडेपाचला आत्यांची हाक. मोरीच्या भिंतीवर गांडुळं. फरशीवर गांडुळं. बोळात दरवाजापर्यंत गेलेली काही तिथंच वाळून शेवयांसारखी झालेली. झाकण उचललं तर आतून जाळी विणल्यासारखी चिकटून बसलेली, एकमेकांत गुंतलेली, आणि आंबट वास.

वास आंबिलीचा होता.

धाकट्याला उठवलं. तो आधी रडला मग सांगितलं. आम्ही झोपायला गेल्यावर त्यानं केळीत उरलेली आंबील, तांब्याभर, बादलीत "शिंपली". काळ्या आईला जेवू घातलं की नाही मामाआजोबांनी. मग गांडुळांना कोण घालणार.

मला त्याला काही बोलताच येईना. बरं चूक समजावून सांगायची तरी कशी, आंबील खाऊन आपण दुपारभर झोपतो. शेवटी मीठ घेऊन बसले. गांडूळ नाकानं श्वास घेत नाही, सगळ्या अंगाच्या ओल्या कातडीतून घेतं, मीठ लागलं की अंगातलं पाणी ओढून निघतं आणि ते आतून सुकतं. आंबिलीत मीठ, लसूण, वर ताकाचा आंबटपणा, आणि तांब्याभर पातळ ओतल्यावर अंथरुणातली हवा गेली. म्हणजे घरात राहायला जागाच नाही राहिली, म्हणून ती पळाली.

हे ऐकून तो म्हणला, "मंग बाहेर आल्यावर माझ्या हाताला चिकटून का बसली नाहीत?" ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

ऑफिसला उशीर होणार असं कळवलं. सगळी बादली गच्चीवर ताडपत्रीवर उलटी केली. ओला आंबट भाग वेगळा, कोरडा वेगळा. गच्चीवरचं उरलेलं अर्धं पोतं शेणखत कामाला आलं, नवीन अंथरूण केलं, पट्ट्या थोड्या जास्त कोरड्या ठेवल्या. जिवंत होती ती हातानं वेचून परत. तिघांनी मिळून वेचली, बबल्या मोजत होता पण दोनशेच्या पुढं त्याचा गोंधळ झाला. फरशीवरची मेलेली त्रेचाळीस. ती आत्यांनी जास्वंदीखाली पुरली, स्वतःहून.

२ जानेवारी २०२५

टिकली. कालपासून झाकणाला एकबी चिकटलेलं नाही. रात्री बोळातला बल्ब चालू ठेवतोय, उजेड असला की ती वर येत नाहीत. नवीन बादलीत पहिले दोन-तीन दिवस असं करायचंच असतं, मी पहिल्याच रात्री केलं असतं तर निम्मी तरी वाचली असती.

अंड्याची टरफलंबी टाकायची आहेत, त्यातल्या चुन्यानं आंबटपणा मोडतो, आणि गांडुळाला दात नसल्यानं पोटात दळायला बारीक खडे लागतात, कोंबडीसारखं. आत्या माळकरी, घरात अंडं येत नाही. बबल्या कोपऱ्यावरच्या ऑम्लेटच्या गाड्यावरून पिशवीभर घेऊन आला, त्याच्याच घरी धुवून वाळवली, आमच्या गच्चीवर दगडानं कुटली. गच्ची चालते, स्वयंपाकघर चालत नाही, असा तह झाला.

६ जानेवारी

खाणं मोजून. गांडूळ दिवसाला स्वतःच्या वजनाच्या साधारण निम्मं खातं. पाव किलोतली काही गेली, खतबी त्यातच होतं, म्हणजे खरी असतील दीडशे-दोनशे ग्रॅम. तर दिवसाला शंभर ग्रॅमच्या आतच. आमच्या घरचा ओला कचरा काट्यावर ठेवला तर एका दिवसाचा सहाशे चाळीस ग्रॅम! मेथीच्या काड्याच किती. थोरलीचा चेहरा पडला, तिला वाटलं होतं सगळा कचरा संपणार. नाही संपत. बादलीभर गांडुळांकडून ती अपेक्षाच चुकीची, पण व्हिडिओवाले हे सांगत नाहीत.

मग लेकरांनीच निवडायला सुरुवात केली. मेथी-कोथिंबिरीची पानं, दुधी-दोडक्याची सालं, केळीची साल बारीक तुकडे करून, गाळलेली चहापत्ती धुवून (साखर असते). नाही चालत ते थोरलीनं फ्रिजवर लिहून लावलंय: लिंबू-संत्र्याची सालं, कांदा-लसूण, मिरची, तेलाचं काहीही, मिठाचं काहीही, दूध-दही. सगळ्यात खाली धाकट्याच्या अक्षरात, आंबिल, दुसरी वेलांटी चुकलेली.

टाकायचं ते एका कोपऱ्यात खड्डा करून, वरून कागद. पुढच्या वेळेला पुढचा कोपरा.

१० जानेवारी

प्रोजेक्ट जमा झाला. गांडुळं नेता येणार नाहीत म्हणून चार्ट केला. शाळेचं काम संपलं. बादलीचं कुठं संपतंय.

१२ जानेवारी, रविवार

बबल्यानं नळाच्या चावीपाशी ओल्या मातीत उकरून आठ गांडुळं आणली, लांब, करडी, जाड. बादलीत घालू म्हणाला, फुकटची आहेत. मी नको म्हणलं, त्याला राग आला.

ही आपल्या मातीतली, ती माती खात बिळं करतात, त्यांना खाली जायला जागा पाहिजे. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात तेव्हा ती आणखी खोल जाऊन गुंडाळी करून पडून राहतात पाऊस येईपर्यंत. बादलीत नुसता पाला आणि शेण, खाली प्लास्टिकचं बूड. तो म्हणला करून तर बघू. एका जुन्या डब्यात वेगळं ठेवून बघितलं, तीन अंथरुणात, तीन नुसत्या मातीत (दोन आधीच निसटली). दुसऱ्या दिवशी अंथरुणातली तिन्ही डब्याच्या कडेला चढलेली. सगळी परत चावीपाशी सोडली. आता तो बाकीच्या पोरांना सांगत फिरतोय की गांडुळात बी शहरातली आणि गावाकडची असतात.

१९ जानेवारी

मुंग्या. संक्रांतीचा तिळगूळ घरभर सांडलेला, त्यात बादलीची कडा कोरडी पडली होती. शेजारणीनं मुंग्यांचा खडू सुचवला. तो अजाबात नाही, गांडुळंबी जातील. परातीत पाणी, पाण्यात विटा, विटांवर बादली. संपल्या मुंग्या. चिलटंबी झाली होती, वर कोरड्या कागदाचा जाड थर घातला आणि चार दिवस खाणं बंद ठेवलं, कमी झाली.

२ फेब्रुवारी, रविवार

धाकटं किंचाळत आलं, पालीनं अंडी घातली! बघितलं तर पाल नाही. राळ्याच्या दाण्याहून थोडे मोठे, पिवळसर, दोन्ही टोकांना निमुळते, अगदी छोट्या लिंबासारखे. गांडुळाचे कोष. काही ताजे मधासारखे पारदर्शक, काही तपकिरी होत आलेले.

मोठ्या गांडुळाच्या अंगावर तोंडाच्या बाजूला एक जाड फुगीर पट्टा असतो, अंगठी घातल्यासारखा. पट्टा असलं की वयात आलेलं समजायचं. त्यातूनच हा कोष सरकत पुढं येऊन तोंडावरून निघतो, टोपडं काढल्यासारखा, आणि टोकं मिटतात. एकात दोन-चार पिल्लं असतात, साधारण तीन आठवड्यात बाहेर येतात. नर-मादी वेगळे नसतात, प्रत्येकात दोन्ही, तरी जोडी लागते. थोरलीनं विचारलं मग आई कोण, मी म्हणलं दोघंबी. आत्या तुळशीपाशी बसल्या होत्या, त्या म्हणल्या, "बरंय, दोघांनाबी कळतंय मंग."

अर्धं तोडलं की दोन होतात का, हाबी प्रश्न झाला. होत नाहीत. शेपटीकडचं थोडं तुटलं तर कधी कधी भरून येतं, पण तुटलेल्या शेपटीचं नवं गांडूळ होत नाही. बबल्याच्या हातातली काडी लगेच खाली गेली, म्हणजे विचार काय होता ते कळलं.

पाच कोष बशीत ओल्या कागदावर ठेवलेत, वरून वाटी.

१९ फेब्रुवारी, शिवजयंती

डार्विननं गांडुळांवर एक पुस्तक लिहिलं होतं, १८८१ मध्ये, म्हातारपणी. त्यात तो गांडुळांना शिट्टी वाजवून दाखवतो, पियानो वाजवतो, ती ढिम्म. पण कुंडी पियानोवर ठेवून सूर दाबला की झटकन बिळात. ऐकू येत नाही, थरथर कळते. हे मी लेकरांना सांगितलं आणि मोठी चूक केली कारण दोन दिवस घरात शिट्टीच चालू होती. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावून रात्री बघायचं, लाल उजेड त्यांना जवळपास कळत नाही. शिट्टीला खरंच काही नाही. बादलीच्या कडेला लाटण्यानं हलकं ठोकलं की वर आलेली सगळी आखडून घेतात.

आणि आज संध्याकाळी मिरवणूक गल्लीच्या तोंडावरून गेली, डीजेनं खिडक्यांच्या काचा वाजत होत्या, माझ्या छातीतबी धडधड. धाकट्यानं कान दाबून झाकण उघडलं. वर एकबी नव्हतं. म्हणला, "त्यांनाबी लई मोठा आवाज झाला." आवाज नाही रे थरथर, असं थोरलीनं दुरुस्त केलं.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. सिद्धेश्वराच्या यात्रेला जायच्या गडबडीत बशी बघितली. दोऱ्यासारखं पांढरट, जेमतेम नखाएवढं लांब, दोन. यात्रेतले पाळणे विसरून तिघं बशीवर वाकून बसली. उशीर झाला.

१६ मार्च, रविवार

आता उन्हाची लढाई. फिश टँकचा थर्मामीटर आणलाय, दुपारी तीनला बादलीत ३३ अंश. गांडुळांना १५ ते २५ आवडतं, तिशीच्या पुढं खाणं कमी होतं, ३५ च्या पुढं मरायला लागतात. आणि आपल्याकडं हा मार्चच आहे, एप्रिल-मे बाकी. नेटवरच्या सगळ्या सल्ल्यांत थंडीत कसं जपावं ते असतं, घोंगडी गुंडाळा वगैरे. इथं कुणाला घोंगडी पाहिजे.

करायला एकच सोपं आहे, हवा कोरडी असल्याचा फायदा. कूलर ज्या कारणानं चालतो तेच. बादलीला ओलं बारदान गुंडाळलं, खालचं टोक परातीतल्या पाण्यात, म्हणजे पाणी वर चढत राहतं आणि उडताना थंड करतं. जागा बदलून उत्तरेच्या भिंतीला. दुसऱ्या दिवशी तीनला २८. पाच अंश!

पण पाणी. परात दिवसातून दोनदा भरायची म्हणल्यावर आत्या बोलल्याच. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं ह्या गावाला, तेव्हा लेकरं नव्हती किंवा तान्ही होती, त्यांना काय माहित. आत्यांनी तेव्हा घागरी मोजल्यात. त्यांच्यासमोर गांडुळांसाठी पाणी म्हणायलाबी मला जड गेलं. मग ठरलं, तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी परातीत, भाज्या धुतलेलं बारदानावर. आरओच्या नळीतलं पाणी बबल्यानं सुचवलं होतं पण त्यात क्षार जास्त, ते फरशीला ठीक. नवीन पाणी एक थेंब नाही. आता तांदूळ धुतलेलं पाणी आत्या स्वतः तांब्यात काढून ठेवतात, कुणी सांगत नाही.

३० मार्च, रविवार, पाडवा

थोरलीनं कॅलेंडरवर मोजलं, बरोबर ९० दिवस. गुढी उभी केली, कडुलिंबाची चटणी तोंड वाकडी करून खाल्ली (पाला बादलीत टाकला नाही), आणि गच्चीवर खत काढायला.

ताडपत्रीवर बादली उलटी. काळं, दाणेदार, चहापत्तीसारखं. पहिल्या पावसाचा वास. आत्यांनी मूठ नाकाशी नेली आणि काहीच म्हणल्या नाहीत, ही त्यांची मोठी पावती. छोटे छोटे ढीग करून उजेडात ठेवायचे, गांडुळं ढिगाच्या बुडाशी जातात, वरचं वरचं काढून घ्यायचं, पुन्हा दहा मिनिटं थांबायचं. ऊन नको, सावलीतला उजेड पुरतो. आम्ही पत्र्याखाली केलं. मधल्या दहा-दहा मिनिटांत पुरणपोळ्या.

शेवटी प्रत्येक ढिगाच्या जागी एक तांबडा गुंता उरला. काटा म्हणाला तीनशे दहा ग्रॅम, थोडं खत चिकटलेलं धरून. आंबिलीच्या रात्रीनंतर. खत चाळणीनं चाळून तीन किलो दोनशे. न कुजलेली गुळी आणि दोन आंब्याच्या कोयी परत आत. आंबा अजून घरात आलेला नाही, कोयी कुणाच्या हे कळलं नाही.

खालच्या बादलीतलं गळलेलं पाणी आत्यांना तुळशीला घालू दिलं नाही, म्हणजे तसं नाही, दहापट पाणी घालून जास्वंदीला घातलं. ह्याला लोक व्हर्मीवॉश म्हणून विकतात पण ते वेगळं असतं, मुद्दाम पाणी सोडून काढलेलं. हे नुसतं गळवणी, उग्र असतं.

तुळशीला दोन मुठी खत. त्या मुठी धाकट्यानं घातल्या, घालताना म्हणला, "ओलगे ओलगे."

१३ एप्रिल

शंभर ग्रॅम गांडुळं बबल्याला दिली, आइस्क्रीमच्या फॅमिली पॅकच्या डब्यात. त्यानं त्याच्या घरी रांजण घेतलाय, बुडाला तडा गेलेला, पाणी झिरपायचं म्हणून पडून होता. झिरपतो म्हणूनच चांगला, मातीचा असल्यानं बारदान न गुंडाळताच आत ३० च्या खाली राहतंय. आम्हाला हे आधी सुचलं नाही.

धाकटं रोज त्याच्याकडं तपासणीला जातं. काल तिथून येऊन सांगितलं की बबल्यानं कलिंगडाची अख्खी फोड टाकलीये, सालीसकट, आणि त्याची आजी हसायलीय. मग फ्रिजवरचा कागद काढून घेऊन परत गेलं.